परतीचं तिकीट चौथ्या दिवसाचं

"चहापान, परिचय, पुन्हा चहापान, न्याहारी, रात्री स्नेहभोजन! अहो, ही शास्त्रज्ञांची परिषद आहे की कुणाचं केळवण?"

भाचीच्या सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात दिली. आम्ही सगळ्याच हसलो. पण विहीणबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. परिषद ग्रहविज्ञानाची, म्हणजे चंद्र, मंगळ, शुक्र, उल्का यांचा अभ्यास करणाऱ्यांची. दूरच्या शहरात, चार दिवस. त्यात भाचीचं काम कितीसं? दुसऱ्या दिवशी दुपारी आपलं पोस्टर भिंतीला लावायचं आणि दोन तास त्याच्यापाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचं. "मग त्याच रात्रीच्या गाडीनं निघायला काय हरकत आहे? पोर चौदा महिन्यांची आहे," विहीणबाई म्हणाल्या. बायांनो, खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणी याहून वेगळं बोलल्या असत्या?

भाची माझ्या थोरल्या बहिणीची, साताऱ्याची. अजिंक्यताऱ्याच्या चढावर आणि यवतेश्वरच्या वाटेवर दगड वेचत ती मोठी झाली. तिच्या फ्रॉकचे खिसे शिवता शिवता ताई मेटाकुटीला यायची. पुढं तिनं भूशास्त्र घेतलं, एम. एस्सी. झाली, लग्न होऊन सांगलीला आली आणि माझ्या हाकेच्या अंतरावर राहू लागली. पीएच. डी.साठी विषय घेतला, तो साताऱ्याचा काळा कातळ आणि चंद्रावरचा दगड यांच्या तुलनेचा.

ऐकायला चमत्कारिक वाटतं ना? पण घरातला पाटा-वरवंटा आठवा. तो ज्या काळ्या दगडाचा असतो, त्याला बसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेला तप्त रस थरावर थर पसरत गेला, थिजला आणि त्यातून आपला सह्याद्री घडला. पौर्णिमेच्या चंद्रावर आपण मुलांना ससा दाखवतो, ते काळे डागही बसाल्टचेच. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथून साडेएकवीस किलो दगडमाती आणली, तिच्यात हा पाट्याचा भाऊबंद निघाला. आपल्याकडचं लोणारचं सरोवर घ्या. बसाल्टच्या पठारावर अवकाशातून दगड आदळून ते विवर झालं, हे १९७३ साली शास्त्रीय पुराव्यानिशी प्रसिद्ध झालं. म्हणून तर चंद्र-मंगळाचे अभ्यासक बुलढाणा जिल्ह्याची वाट धरतात.

तर असा हा छान विषय. पण गाडं अडलं होतं. मार्गदर्शक निवृत्त झाले, मध्ये बाळंतपण झालं. दगडाचे कागदासारखे पातळ काप तिनं तयार करून ठेवले होते. त्यातल्या एकेका कणात कोणतं द्रव्य किती, हे मोजणारं यंत्र मात्र मोजक्याच ठिकाणी असतं. पत्रं लिहिली, ई-मेल पाठवले, उत्तर नाही. फाईल कपाटावर चढली. "मावशी, नोंदणी संपायला दहा महिने उरलेत. नाही जमलं, तर सात वर्षं पाण्यात," असं ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, तेही इतक्या शांतपणे, की माझ्याच पोटात कालवलं.

शेवटी मी म्हटलं, "विहीणबाई, पोरीला सांभाळायला मी जाते बरोबर." जावयांनी कुणाला न विचारता परतीची तिकिटं चौथ्या दिवसाची काढली. तो मुलगा बोलतो कमी. पण तिकीट बरोबर काढतो!

आता तिथं मी काय पाहिलं ते सांगते.

पहिल्या संध्याकाळी परिचयाचा कार्यक्रम होता. मोठा दिवाणखाना, तीन-चारशे माणसं, सगळी घोळक्या-घोळक्यानं उभी. आमची भाची हातात चहाचा कप घेऊन भिंतीला टेकलेली. सांगली स्टँडवर एस. टी.ची वाट बघताना आपण शेजारच्या बाईला "तुम्ही कुठल्या? माहेर कुठलं?" असं सहज विचारतो आणि कराड येईपर्यंत तिच्या मुलाबाळांची नावंही आपल्याला ठाऊक होतात. पण विद्वानांच्या मेळाव्यात तोंड उघडायचं, तर जीभ टाळ्याला चिकटते. मी कडेवरच्या पोरीला घेऊन फिरत होते आणि पिशवीत सांगलीच्या भडंगाचा पुडा होता. पोरगी हसली की लोक थांबायचे, थांबले की मी पुडा पुढं करायची. एक पांढऱ्या केसांच्या बाई मूठभर भडंग घेऊन म्हणाल्या, "बाळाची आई काय काम करते?" मी भिंतीकडं बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच बाई पोस्टरपाशी आल्या आणि पाऊण तास उभ्या राहिल्या. नुसतं कौतुक नाही केलं, प्रश्नांवर प्रश्न. भाचीच्या कपाळावर घाम. शेवटी म्हणाल्या, "दगडांचं वर्णन चांगलं आहे. पण पृथक्करणाशिवाय प्रबंध उभा राहणार नाही." हे तर तिलाही ठाऊक होतं. विहीणबाईंच्या हिशेबानं आम्ही गाडीत बसायची वेळ हीच.

तिसऱ्या दिवशी अकराच्या चहाला त्या बाईंनी तिचा हात धरून तिला एका गृहस्थांपुढं नेलं. "हिचे बारा काप तयार आहेत. तुमच्या यंत्रावर वेळ कधी देता?" गृहस्थांनी चार प्रश्न विचारले, खिशातून डायरी काढली आणि दोन महिन्यांनंतरचे पाच दिवस लिहून दिले. दोन वर्षांच्या ई-मेलांनी जे झालं नाही, ते एका कपात झालं.

घरी आल्यावर तिचे सासरे म्हणाले, "म्हणजे वशिलाच की!" मला नाही तसं वाटत. वशिला म्हणजे लायकी नसताना मागच्या दारानं आत घेणं. इथं बाईंनी आधी पाऊण तास उलटतपासणी घेतली होती. शिवाय यंत्राखाली काप ठेवल्यावर कुणाचा वशिला चालतो? आकडे यायचे तेच येतात. ओळखीनं एवढंच झालं, की दाराशी उभ्या असलेल्या मुलीला कुणीतरी ओळखलं.

आणि दारं कशी असतात ते मला त्याच सकाळी कळलं होतं. संशोधक स्त्रियांची न्याहारीची बैठक होती. पोर मांडीवर झोपलेली, म्हणून मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. एकजण म्हणाली, "व्याख्यानं सभागृहात होतात. पण पुढच्या प्रकल्पात कोण, कुणाबरोबर निबंध लिहायचा, हे रात्री पुरुषमंडळी खोलीत बसतात तिथं ठरतं. तिथं आम्ही जाणार कशा?" दुसरी म्हणाली, "मला रात्रीच्या जेवणाला थांबता येत नाही, मूल लहान आहे. सकाळी आले की सगळे कुठल्यातरी ठरलेल्या गोष्टीबद्दल बोलत असतात."

मला आपलं हळदीकुंकू आठवलं. चैत्रातलं पन्हं, आंब्याची डाळ, ओटी. आपल्या आया-आज्यांची ओळखीची जागा तीच. मुलीला स्थळ, सुनेला चांगली सुईण, पापडाला गिऱ्हाईक, सगळं तिथंच जुळायचं. पण त्या घरातली विधवा आत्या मात्र स्वयंपाकघरात डाळ वाटत बसायची. तिला कुणी "येऊ नकोस" म्हणत नसे. रीतच तशी होती. तिचं नुकसान केवळ कुंकवाचं नव्हतं. चार बायकांत जे कळतं, जुळतं, ते सगळं तिच्या वाट्याचं गेलं. जिथं ओळखी होतात तिथं उंबराही असतो, आणि उंबऱ्याबाहेर कोण राहिलं हे आतल्यांना दिसत नाही.

विज्ञानातला उंबरा तर पूर्वी उघडच होता. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, १९३३ मध्ये बंगलोरच्या संस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, अटींवर प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. झाल्या. आता असं तोंडावर कुणी नाही म्हणत. आता फक्त चहा चुकतो, जेवण चुकतं.

म्हणूनच ठिकठिकाणच्या स्त्रियांनी आपल्या वेगळ्या बैठका सुरू केल्या. ग्रहविज्ञानाची एक जुनी मोठी परिषद अमेरिकेत ह्यूस्टनला १९७० साली भरली, चंद्रावरून आणलेल्या दगडांवर बोलण्यासाठी. ती पुढं दर वर्षीची झाली. तिथं ग्रहविज्ञानातल्या स्त्रियांची भेटीगाठींची बैठक होऊ लागली, तिला सुझन नीबर हिचं नाव दिलं गेलं. ही नासात काम केलेली, दोन लहान मुलग्यांची आई. दुर्धर कर्करोगाशी झगडत असतानाही तिनं या क्षेत्रातल्या स्त्रियांना एकमेकींशी जोडायचं काम सोडलं नाही. २०१२ मध्ये ती गेली. आपल्याकडं भारतीय खगोलशास्त्रीय संस्थेनं २०१५ मध्ये स्त्री-पुरुष समानतेसाठी खास गट नेमला. २०१९ मध्ये हैदराबादला भौतिकशास्त्रातल्या मंडळींनी याच विषयावर परिषद घेतली आणि त्यातून समानतेची सनद तयार झाली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत २०२० च्या फेब्रुवारीत पहिली भारतीय ग्रहविज्ञान परिषद झाली. म्हणजे आपल्या मुलींना आता ह्यूस्टनचंच तिकीट काढायला हवं असं नाही.

सगळं छान होतं असं मात्र नाही हं. आम्ही गेलो त्या परिषदेत मुलांसाठी खोली नव्हती. पोरगी रडली की मी व्हरांड्यात. पहारेकऱ्यानं आपली खुर्ची दिली, म्हणून निभावलं. तीन तरुण आया आळीपाळीनं एकमेकींची बाळं धरून आत-बाहेर करत होत्या. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद आला, त्यावर तिघींनीही लिहिलं, "पाळणाघर हवं." मी सही करणारी कोण? पण माझ्याकडून पेन तरी दिलं.

रात्री भाचीनं मला एक गंमत सांगितली. शुक्रावरच्या जागांना, दोन-तीन जुने अपवाद सोडले, तर स्त्रियांचीच नावं द्यायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २० किलोमीटरहून मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची, लहान विवरांना निरनिराळ्या भाषांतल्या मुलींची साधी नावं. त्यात एक विवर 'जोशी' नावाचं, म्हणजे आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचं. आणि एक 'मेधावी', ते पंडिता रमाबाईंचं.

मी उठूनच बसले. कारण आनंदीबाईंची सगळी गोष्टच ओळखीची. गोपाळरावांचं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. कार्पेंटरबाई नावाच्या एक गृहिणी दाताच्या डॉक्टरकडं आपला नंबर यायची वाट बघत होत्या. तिथं ते त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी अनोळखी मराठी मुलीला पत्र लिहिलं, पुढं १८८३ मध्ये तिला आपल्या घरी उतरवून घेतलं. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून हजर होत्या.   आज दोघींची नावं एकाच ग्रहावर आहेत.

आता हिशेब सांगते. भाचीला मिळालेले पाच दिवस पार पडले. बारापैकी दहा कापांचे आकडे चांगले आले, दोन पुन्हा करावे लागणार आहेत. नोंदणीला मुदतवाढ मागितली आहे, उत्तर यायचंय. प्रबंध होईल की नाही हे मी छातीठोकपणे सांगत नाही. पण फाईल कपाटावरून खाली आली आहे आणि तिच्या फोनमध्ये विचारायला सहा नंबर आहेत. विहीणबाई मधूनच विचारतात, "ते डायरीवाले काय म्हणाले गं?"

तुमच्या घरातली मुलगी किंवा सून अशा परिषदेला निघाली, मग ती ग्रहांची असो, डॉक्टरांची असो की बालवाडीच्या बाईंची असो, तर एवढं करा. नाव, विषय आणि फोन लिहिलेल्या पन्नासेक चिठ्ठ्या आधीच छापून द्या. गावाकडचा कोरडा खाऊ द्या. खाऊ विचारायला माणूस थांबतो. मूल लहान असेल, तर घरातलं एखादं माणूस बरोबर धाडा, आणि पाळणाघर आहे का हे महिनाभर आधी कळवून विचारा. चारजणींनी विचारलं की पुढच्या वर्षी तरी होतं. "निबंध झाला का?" एवढंच विचारून थांबू नका, "कुणाकुणाशी बोललीस?" असंही विचारा.

आणि तिकीट शेवटच्या दिवसाचं काढा.