फोटो नसलेल्या पितरांचं काय?

'कोको' हा चित्रपट बघून बरेच दिवस झाले, पण त्यातली फोटोची अट मला अजून पचलेली नाही. घरच्यांनी ज्याचा फोटो मांडला नाही, त्या मेलेल्या माणसाला मृतांच्या सणाच्या त्या एका रात्रीही घरी यायला मिळत नाही. मृतांच्या नगरीतून घरी यायच्या पुलाच्या तोंडाशी चौकी असते. तिथे चेहरा तपासतात, फोटो मांडलेला निघाला नाही की माघारी पाठवतात. हे बघताना माझी मुलगी मध्येच म्हणाली, "पप्पा, आपल्या पणजोबांचा तर फोटोच नाहीये." मला काही बोलता आलं नाही.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. पिक्सारचा २०१७ चा चित्रपट, दिग्दर्शक ली अनक्रिच, पुढच्या वर्षी दोन ऑस्कर. मेक्सिकोतल्या मिगेलचं घर बूट शिवणाऱ्यांचं. खापरपणजोबा गाण्यापायी बायको-पोरीला टाकून गेले म्हणून घरात गाण्याला बंदी. मृतांच्या सणाच्या रात्री हा पोरगा जिवंतपणीच मृतांच्या नगरीत जाऊन पोहोचतो.

जे चांगलं आहे ते फार चांगलं आहे. झेंडूच्या पाकळ्यांचा तो पूल बघून मुलगी टाळ्या पिटत होती. झेंडू मूळचा त्यांच्याकडचाच, आपल्याकडे नंतर आला. गिटार वाजवताना बोटं खरोखर त्या त्या सुरावर पडतात. आणि मिगेलची पणजी, म्हातारी मामा कोको! तिच्या हनुवटीच्या सुरकुत्या, खुर्चीच्या हातावरची ती गाठाळलेली बोटं, शेवटी मिगेल गातो तेव्हा तिच्या डोळ्यांत हळूहळू परत येणारी ओळख. कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्राने मी असा रडेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण चित्रपटातली ती झोपडपट्टी माझ्या डोक्यातून जात नाही. मृतांच्या नगरीतही गरीब-श्रीमंत आहेत. ज्याच्या नावाने लोक भरभरून नैवेद्य ठेवतात, तो प्रसिद्ध गायक एर्नेस्तो तिथेही हवेलीत राहतो. ज्यांना कुणी आठवत नाही, ते खाली फळ्या-पत्र्यांच्या खोपटांत. त्यांतलाच एक चिचारोन हॅमॉकवर पडलेला असतो. हेक्टर, म्हणजे मिगेलचा तोच खापरपणजोबा, त्याच्यासाठी गाणं म्हणतो, चिचारोन विरून जातो, आणि हेक्टर एकटाच पेला उचलतो. जिवंतांपैकी त्याला आठवणारं शेवटचं माणूसही संपलं, म्हणून हा दुसरा, कायमचा मृत्यू. इथपर्यंत लिहिणाऱ्यांनी कमाल केली आहे. मग पुढे काय? एर्नेस्तोने हेक्टरला विष घालून त्याची गाणी चोरली हे उघडं पडतं, हेक्टरचा फाटलेला फोटो जोडला जातो, तो पुलावरून घरी येतो, सगळे आनंदात. त्या खोपटांत राहिलेल्यांकडे चित्रपट पुन्हा ढुंकूनही बघत नाही. लेकीने, म्हणजे कोकोने, फोटोचा फाटलेला तुकडा जपून ठेवला होता म्हणून हेक्टर सुटला. बाकीच्यांचा गुन्हा काय होता? गरीब होते, एवढाच ना?

फोटोची कलाच मुळी १८३९ मध्ये जगापुढे आली. त्याआधी मेलेले सगळे चौकीवरच अडकले का? मेक्सिकोतल्या खऱ्या सणात फोटोवाचून काही अडत नाही. साखरेच्या कवट्यांवर नावं घालतात. काही भागांत तर ज्यांना कुणी वाली नाही अशा आत्म्यांसाठीही वेगळं काही ठेवतात. म्हणजे ही अट गोष्ट लिहिणाऱ्यांनी घातली, आणि घालताना गरिबाच्या घरात कॅमेरा कधी आला याचा विचार केला नाही.

माझे आजोबा अमळनेर तालुक्यातून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेच्या उधन्याला उतरले, लूमच्या खात्यात (कारखान्यात) कारीगर म्हणून लागले आणि १९८७ साली गेले. फोटोचं मतदार ओळखपत्र १९९३ नंतरचं, आधार तर फार पुढची गोष्ट. लग्नात फोटो काढण्याइतका पैसा नव्हता. आहे तो एकच. खात्यात दसऱ्याच्या पूजेला काढलेला. शेठ खुर्चीवर मधोमध, मागे तीन रांगांत कारीगर. शेवटच्या रांगेत एका उंच माणसाच्या खांद्याआड टोपीची कड, डावा कान आणि भुवईचं टोक. दादा, म्हणजे माझे वडील, त्यावर बोट ठेवून सांगायचे, हे तुझे आजोबा.

तरी आमच्याकडे दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाने मातीची घागर भरली जाते. वर डांगर (खरबूज), आंबा, सांजोऱ्या. गोवरीच्या निखाऱ्यावर आगारी (नैवेद्याचा घास) टाकताना आई एकेकाचं नाव घेते. सर्वपित्री अमावस्येला तर ज्यांची तिथी माहीत नाही त्यांनाही पान असतं. तर्पणात कुळातल्या निपुत्रिक गेलेल्यांसाठीही पाणी सोडतात. मुलीने फोटोची तीच गोष्ट आजीलाही सांगितली. आई म्हणाली, "फोटो नही लागस बेटा. नाव लिधं का येतस त्या."

मला ते पटलं. चित्रपटातल्या त्या चौकीपेक्षा आईचा हिशोब मोठ्या मनाचा आहे, असं मी चार जणांना सांगितलंही. आणि तरी पुढच्याच आठवड्यात तो दसऱ्याचा फोटो घेऊन मी उधना मेन रोडवरच्या एका स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला म्हणाला, "वडिलांचा फोटो द्या, त्यावरून चेहरा बनवून देतो, कुणाला कळणार नाही." मी नाही म्हटलं. बनवलेल्या चेहऱ्याला हार घालून मुलीला हेच तुझे पणजोबा असं सांगणं मला जमणार नाही. पण खरं सांगायचं तर एक तरी धड फोटो हवा होता, ही टोचणी नावाने भागत नाही. आईचं बरोबर आहे, आणि मला चेहराही हवा आहे.

लेकरांना 'कोको' जरूर दाखवा, सोबत बसून दाखवा. आणि उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोलीत ज्यांच्या घरी खात्यातल्या पूजेचे, मंडळांचे जुने गटाचे फोटो पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मागच्या बाजूला रांगेनुसार नावं आणि गावं लिहून ठेवावीत. त्यात कुणाचा तरी आजा असेल.