समुद्राकडे पाठ करून

गालिसियात उत्तम ऑक्टोपस खायचा असेल तर किनारा सोडावा आणि डोंगरांतून आत जावं. ऐकायला उफराटं वाटतं खरं. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला हा मुलूख अटलांटिकने पार कुरतडून ठेवलाय. खाड्यांमागून खाड्या, विगोसारखं दांडगं मासळी-बंदर, दर चार कोसांवर होड्या. तरीही ऑक्टोपसचा विषय निघाला की माणसं नाव घेतात ते ओ कार्बायिन्योचं. हे गाव ओउरेन्से प्रांतात. आणि गालिसियाच्या चार प्रांतांत समुद्र न लागलेला प्रांत नेमका हाच.

याचं मूळ शोधत गेलं की माणूस ओसेइराच्या मठाशी पोचतो. बाराव्या शतकातला हा सिस्टर्शियन साधूंचा मठ, चहूकडे डोंगर, थंडीत दगड नि पाऊस. पण किनाऱ्यावरचं मारीन बंदर या मठाच्या ताब्यात होतं. तिथल्या कोळ्यांकडून मठाचं देणं ऑक्टोपसच्या रूपानेही येई, असं सांगतात. ओला माल वाटेतच नासला असता, म्हणून तो वाळवून खेचरांवर लादत. घाटावरच्या आठवडी बाजारात सुके बोंबील नि सुकट विकायला बसलेल्या बायका ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यापुढचं वेगळं सांगायला नको. मठाच्या आसपासच्या गावांनी हा सुका ऑक्टोपस शिजवण्यात असा हात बसवला, की पुढे गालिसियाभरच्या जत्रांत हंडे घेऊन हिंडायचा धंदाच उभा राहिला. आजही ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी ओ कार्बायिन्योत ऑक्टोपसचा उत्सव भरतो.

हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांचं. त्यांना म्हणतात पुल्पेइरा. समोर तांब्याचा हंडा, पाणी खदखदतंय. ऑक्टोपस डोक्याकडून धरून ती उकळत्या पाण्यात बुडवते, काढते, पुन्हा बुडवते, तीनदा. पाय आखडून वर वळतात, साल सुटत नाही, मग सोडून द्यायचा शिजायला. त्या पाण्यात मीठ नाही. शिजला की सुरी नाही, कात्री! कचाकच पायांच्या चकत्या लाकडी थाळीत पडतात, वर खडे मीठ, पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीची पूड, आणि ऑलिव्ह तेलाची सढळ धार. बस. काटाचमचा मागू नये, टूथपिकने उचलावं. सोबत पाव हवाच, आणि तो ओसेइराच्या शेजारच्या सेआ गावचा, लाकडाच्या भट्टीतला, जाड पापुद्र्याचा असेल तर थाळीतलं लालभडक तेल पुसून खाण्यात ऑक्टोपसइतकंच सुख आहे. पाणी पिऊ नये, पोट दुखतं, अशी जुनी समजूत. पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीतून रिबेइरोची वाइन घ्यायची. ही समजूत वाइनवाल्यांनीच पसरवली असावी, असा माझा संशय आहे.

सान्तियागोला चालत जाणारे यात्रेकरू मुक्कामाच्या आधी दोन-तीन दिवस मेलीदे गावात थांबून हाच पदार्थ खातात. तेही आत, डोंगरातच. आणि आता त्या हंड्यातला बराचसा ऑक्टोपस मोरोक्को-मॉरिटानियाहून गोठवून येतो. ही गोष्ट काहींना कमीपणाची वाटते. मला ती परंपरेला धरून वाटते. या थाळीतलं जवळचं असं होतंच काय? ऑक्टोपस किनाऱ्यावरून, पिमेंतोन आणि तेल दक्षिणेकडून खेचरवाल्यांबरोबर. शिवाय पूर्वी ऑक्टोपस बडवून मऊ करावा लागे. ते काम आता बर्फ करतो.

मिरचीची गोष्टही अशीच. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तेलात तळून, मीठ भुरभुरून येतात. बहुतेक गोडसर, मध्येच एखादी जिभेला चटका देणारी. कुठली तिखट निघेल हे पाहून कळत नाही. म्हणून ती बशी म्हणजे चारचौघांतला जुगारच. एर्बोनच्या फ्रान्सिस्कन मठातल्या साधूंनी मेक्सिकोहून बी आणलं, असं मानतात. पोर्तुगिजांनी गोव्याला आणलेली मिरचीही त्याच अमेरिकेची लेक. आपल्याकडे येऊन ती जहाल झाली, पावसाळी एर्बोनला मात्र निवांत राहिली.

बटाटाही अमेरिकेचाच. तो येण्याआधी गरिबाचं पोट चेस्टनट भरत असे. आज काल्दो म्हणजे पांढरा घेवडा, बटाटा आणि सलगमचा कडसर पाला. दिसायला साधं पालेभाजीचं सार, पण त्याला चव देते ती ‘उन्तो’, मुरवून ठेवलेली डुकराची चरबी. शाकाहाऱ्यांनी रंगावर जाऊ नये. त्यांनी मिरच्या, स्तनाच्या आकाराचं तेतिया चीज आणि सेआचा पाव यांवर भागवावं. अंडं चालत असेल तर बेतान्सोसचं ऑम्लेट खावं, आतून ओघळणारं. कापताना घाबरू नये.

पेर्सेबेसबद्दल थोडक्यात. खडकांना चिकटलेले हे ओबडधोबड जीव लाटा अंगावर घेत, दोर बांधून खरवडून काढावे लागतात आणि त्यात माणसं मरतातही. समुद्राची चव त्यांच्याइतकी चोख कशालाच नाही, पण ताटातला भाव चवीचा कमी, जोखमीचा जास्त.

एम्पानादा मात्र स्वस्त आणि कुठेही मिळते: मोठी चपटी भरलेली रोटी, आत कांदा, सिमला मिरची आणि ट्यूना, सार्डिन किंवा शिंपले. सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्ये मास्तर मातेओच्या दगडी दाराच्या तुळयांवर 1188 हे साल कोरलेलं आहे. त्याच कामात नरकयातना भोगणाऱ्यांत एक खादाड दाखवलाय, आणि त्याच्या हातात आहे एम्पानादा. शिल्पकाराला पाप दाखवायला हीच चीज आठवली, याहून मोठी शिफारस ती कोणती?

त्याच कॅथेड्रलभोवतीच्या गल्ल्यांत दुकानदार तार्ता दे सान्तियागोचे तुकडे चाखायला पुढे करतात. बदाम, साखर, अंडी, लिंबाची साल, मैदा नाही. वर पिठीसाखरेत उमटवलेला संत याकोबाचा क्रूस, जो 1924 साली कासा मोरा या मिठाईवाल्यांनी छाप ठेवून पाडायला सुरुवात केली. नावाला कायद्याने संरक्षण आहे, त्यासाठी निदान 33 टक्के बदाम लागतात. आणि या पावसाळी प्रदेशात बदाम म्हणावा तसा पिकत नाही. तोही बाहेरूनच येतो. पहिल्या दुकानात विकत घेऊ नका. चाखत चाखत पुढे जा, दोन गल्ल्यांत सकाळचा नाश्ता फुकटात होतो.