फाल्गुनातली हजेरी

वसंत ऋतू मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. कोकिळा, आम्रमंजरी, दक्षिणेचा वारा, मदनाचे बाण हे सारे साहित्य फळ्यावर मांडून झाले, की मुले ते वहीत उतरून घेतात आणि परीक्षेत मला जसेच्या तसे परत करतात. शिकवताना मला मात्र दर वर्षी थोडे ओशाळल्यासारखे होते. कारण ज्या गावी मी सातवीपर्यंत शिकलो, तिथे वसंत कोकिळेबरोबर येत नसे. तो ट्रकमधून येत असे.

पैठणच्या रस्त्यावर, तेव्हाच्या औरंगाबादपासून एस.टी.ने तासाभरावर ते गाव. वडील तिथे तलाठी होते. गावाच्या मागे टेकडी, टेकडीआड बंजाऱ्यांचा तांडा, आणि दोहोंच्या मध्ये, रस्त्याला लागून, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. बाके नव्हती, तागाच्या लांब पट्ट्यांवर आम्ही बसत असू. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की या पट्ट्या निम्म्या मोकळ्या झालेल्या दिसत. तांड्यातली माणसे मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडायला गेलेली असत. कोणी नगरकडे, कोणी पार सांगली-कोल्हापूरपर्यंत. घरी म्हातारी माणसे आणि कोंबड्या तेवढ्या उरत. नवरा-बायकोच्या जोडीला त्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. मी मुलांना समासाचे सगळे प्रकार शिकवतो. पण दोन माणसांचा मिळून एक कोयता करणारा समास मला कोणत्याही व्याकरणात आढळलेला नाही. मुलांना तर त्या हिशेबात नावच नाही. ती उसाचे वाढे बांधतात, बैलांना पाणी दाखवतात, आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन कोपीच्या दाराशी बसतात.

आमचे गुरुजी हजेरी घेताना ही नावेसुद्धा वाचीत. नाव उच्चारायचे, क्षणभर थांबायचे, मग ‘ग’ लिहायचा. गैरहजराचा ग. मला तेव्हा याची मोठी गंमत वाटे. जो सांगलीला आहे हे साऱ्या गावाला ठाऊक, त्याला रोज हाक मारून काय उपयोग? एकदा मी तसे विचारलेही. गुरुजी म्हणाले, “हाक मारायची थांबलो, की नाव काढावं लागतं.” त्यांचे म्हणणे मला तेव्हा कळले नाही. मी हजेरीपट कपाटात ठेवून आलो.

मग फाल्गुन लागे. शाळा सकाळची होई. टेकडीवरचा पळस पाने टाकून नुसता केशरी होऊन बसे, आणि एके रात्री ट्रकचा आवाज येई. कारखान्याचा पट्टा पडला! होळीचा सण बंजाऱ्यांचा सर्वांत मोठा; तो तांड्यावर गाठायचा म्हणून माणसे जिवाचा आटापिटा करीत. दुसऱ्या दिवशी टेकडीवरून लेंगीचे सूर येऊ लागत, आणि दोन-तीन दिवसांनी पट्ट्या भरत. आलेली मुले काळवंडलेली, उंच झालेली, हातांवर उसाच्या पात्याचे बारीक ओरखडे. पहिल्या दिवशी ती ‘हजर’ इतक्या मोठ्याने म्हणत की बाहेरची कुत्री उठत. वार्षिक परीक्षा जेमतेम महिन्यावर आलेली असे. पण त्या आठवड्यात अभ्यासाचे नाव कोणी काढीत नसे. गुरुजींनाही ते जमले नसते.

कारण आमच्या शाळेचे खरे संमेलन याच आठवड्यात होई. चतुर्थीला आम्ही पळसाची फुले वेचून आणायची, शाळेमागे तीन दगडांवर हंडा चढवून ती उकळायची आणि पंचमीला तो रंग खेळायचा. हा रंग पहिल्या धुण्यात निघे. बाजारचा गुलाबी रंग कानामागे आठवडाभर टिके, म्हणून आम्हाला बाजारचाच अधिक प्रिय होता, हे खरे सांगितले पाहिजे. आणि लगेच दुसऱ्या दिवशी नाथषष्ठी. एकनाथमहाराजांनी १५९९ साली पैठणला गोदावरीत देह ठेवला तो फाल्गुन वद्य षष्ठीला. त्या यात्रेच्या दिंड्या आदले चार दिवस आमच्या शाळेवरून जात. शाळेपुढच्या वडाखाली त्यांचा दुपारचा विसावा असे. मुली विहिरीवरून पाणी आणून रांजण भरीत, त्यांवर ओले गोणपाट गुंडाळीत. मुलांनी घरोघर फिरून पाच-पाच भाकरी गोळा करायच्या. गावातून भाकरी येत, तांड्यावरूनही येत. तांड्याच्या भाकरीची टोपली एका बाजूला ठेवावी असे काही जणांच्या मनात असे; हेडगुरुजी कुणाशी एक शब्द न बोलता ती मोठ्या ढिगात उपडी करीत, आणि वर म्हणत, “आता ओळखा!” वारकऱ्यांची जेवणे झाली की शाळेतली मुले भारूड करीत. नाथांच्या गावच्या वाटेवर नाथांचेच भारूड! मोठे धाडस म्हणायचे. पण वारकऱ्यांइतका उदार श्रोता मी पुढे एकाही सभागृहात पाहिला नाही.

१९९४ साली, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले त्या वर्षी, मी सातवीत होतो. विंचवाचे भारूड करायचे गुरुजींनी दसऱ्यालाच ठरवले होते आणि विंचू चावलेल्या बाईचे मुख्य काम माझ्या पट्टीवरच्या सोबत्याला दिले होते. तो तांड्यातला. आवाज असा टिपेचा, की तो शाळेत गाऊ लागला म्हणजे वडावरचे पक्षी गप्प होत. दिवाळीत ट्रकवर चढण्याआधी तो आमच्या घरी आला आणि म्हणाला, “मला ते सगळं लिहून दे. तिकडं पाठ करतो.” मी वहीतला कागद फाडून सुवाच्य अक्षरात भारूड लिहून दिले. त्याने त्याची चार घड्यांची पुडी केली आणि टोपीत ठेवली.

माघात गुरुजींनी ते काम मला दिले. तो षष्ठीपर्यंत येईल याची खात्री कोण देणार? आईने आपले जुने इरकली लुगडे माझ्या अंगाबरोबर टाचून दिले. तालमी झाल्या. आणि होळीला तो आला. टोपीतून त्याने तो कागद काढला. घड्यांवर अक्षरे पुसून गेलेली, कागदाला मळीचा आंबूस वास. म्हणाला, “सगळं येतंय.” आणि येतच होते. त्याने शाळेमागे, रंगाच्या हंड्याजवळ, मला म्हणून दाखवले. मी महिनाभर घोकून जे करीत होतो, त्यात आणि त्याच्या म्हणण्यात किती अंतर आहे हे कळण्याइतकी अक्कल मला होती.

गुरुजी पेचात पडले. त्या आठवड्यात ते आम्हाला नाथांची ती गोष्ट सांगत होते: भर दुपारी गोदेच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्याचे मूल रडत होते आणि नाथांनी ते कडेवर उचलून घेतले. गोष्ट संपवून त्यांनी आम्हा दोघांना पुढे बोलावले आणि म्हणाले, “तुमचं तुम्ही ठरवा.” सारा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, “माझं लुगडं टाचून झालंय.”

तो लगेच म्हणाला, “करू दे त्याला. मी पाण्यावर थांबतो.”

मी केले. वडाखाली दोन-तीनशे वारकरी, शिवाय सारा गाव. मधल्या एका कडव्यावर आलो आणि पुढची ओळ गेली. साफ गेली. टाळ एकदा वाजले, दोनदा वाजले. तेवढ्यात रांजणाजवळून, हातात पाण्याचा तांब्या घेतलेल्या त्याने ती ओळ टिपेच्या स्वरात फेकली. लोकांना वाटले, हे खेळातलेच आहे. एकच हशा आणि टाळ्या झाल्या. शेवटी एका म्हाताऱ्या बुवांनी खूष होऊन माझ्या हातावर पाचाची नोट ठेवली. ती मी घरी नेली. तिचे काय केले ते आठवत नाही. निम्मी द्यावी असे मनात आल्याचे मात्र आठवते. वडिलांची बदली झाली, आम्ही शहरात आलो. हायस्कूल तांड्यापासून दोन कोस होते. पुढच्या दिवाळीत तो ट्रकवर चढला तो तोडीच्या कामासाठीच, एवढे पुढे कानावर आले.

गेल्या फाल्गुनात, म्हणजे मार्च २०२५ मध्ये, त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. सातवीचा निरोपसमारंभ आहे, माजी विद्यार्थी म्हणून पाहुणे या. गेलो. रस्त्याच्या रुंदीकरणाची धूळ, तिच्यातूनच चाललेल्या दिंड्या. शाळेत आता फरशी आहे, भिंतीवर टीव्ही आहे, खिचडीचा वास आहे, आणि रांजणांच्या जागी निळे जार आले आहेत. हजेरीपटातले ‘ग’ मात्र मी विचारले तेव्हा बाईंनी उघडून दाखवले. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. आणि तरी राज्यात ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्यांचा आकडा दहा-बारा लाखांच्या घरात सांगतात. जाणाऱ्या मुलाला शाळा एक हमी कार्ड देते. ते दाखवले की तिकडच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. बाई म्हणाल्या, “कार्ड परत येतं सर. घड्या पडलेलं. आत काही लिहिलेलं नसतं.” मी काही बोललो नाही.

माझ्या हस्ते बक्षिसे वाटली. पूर्ण हजेरीचे बक्षीस, एक स्टीलचा डबा, घ्यायला एक मुलगी पुढे आली. तांड्यातली. तिने आभाराचे चार शब्द असे खणखणीत बोलून दाखवले, की मी मान वर करून पाहिले. आणि मागे, पाण्याच्या जारजवळ, तो उभा होता.

मी म्हणालो, “अरे, तू!”

तो म्हणाला, “या सर. तुम्ही लई दिवसांनी.”

सर्वनामांवर मी एक अख्खा तास घेतो. तू, आपण, तुम्ही. आदर, जवळीक, दुरावा. त्या दिवशी तो तास कुणीतरी मलाच घेतला. मी ‘तू’ मागे घेऊ शकत नव्हतो आणि तो ‘तुम्ही’ सोडायला तयार नव्हता. मुलीला म्हणाला, “हे सर माझ्या पट्टीवर बसायचे. भारुडात ओळ विसरले होते.” आणि दिलखुलास हसला. राग नाही, टोमणा नाही. मी तीस वर्षे जे मनात बाळगले होते, त्याची त्याच्या लेखी एक गमतीची गोष्ट झाली होती. याने मला हलके वाटायला हवे होते, वाटले नाही. मुलीचे विचारले. “हिला दोन वर्षं नेली नाही. आईजवळ ठेवतो. म्हातारी हाय तवर चालेल.”

म्हातारी भाद्रपदात गेली. बाईंनीच फोनवर कळवले. त्यातच यंदाच्या सप्टेंबरातल्या पावसाने तांड्याचा होता नव्हता तो कापूस नेला.

घरी सौभाग्यवतीने ऐकले आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, “मग इकडे आणा की तिला. आठवीची शाळा चौकापलीकडे तर आहे.” मी म्हणालो, बघू. दोन खोल्यांचे घर, मुलाचे दहावीचे वर्ष, परक्या मुलीची जबाबदारी. सारी कारणे खरी होती. लुगडेही टाचून झालेच होते. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी फोन केला आणि म्हणालो ते म्हणालो.

पलीकडे बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “सर, परवाच उचल घेतली. धाकट्याला सांभाळायला ही लागणार. आता मुकादमाला काय सांगू?” मी पैशाचे काही बोलू लागलो, तर मध्येच म्हणाला, “होळीला येतो ना. मग बसू, बोलू.”

फोन ठेवता ठेवता त्याला काहीतरी आठवले.

“सर, ते भारूड लिहून द्याल का? पोरगी मागती. मी सांगतो तिला, पण मधली एक ओळ काही केल्या येत नाही.”

काल रात्री बसून मी ते सबंध लिहून काढले. कागद चांगला जाड घेतला आहे.