आवाजाला आधी वाट

इस्पितळातले फोन आयपीवर आल्यापासून एक तक्रार अधूनमधून यायची: बोलताना मधलेच शब्द गळतात. नव्या इमारतीतल्या ओपीडीतून डॉक्टर जुन्या इमारतीतल्या आयसीयूला फोन करायचे, तेव्हा हे हमखास व्हायचं. तेही सकाळच्या गर्दीच्या वेळी, आणि एकाच बाजूने. डॉक्टरांना सिस्टरचा आवाज स्वच्छ यायचा, सिस्टरना मात्र डॉक्टर तुटक ऐकू यायचे.

नेटवर्कचं काम माझ्याकडे. आलेख पाहिला, तर दोन इमारतींना जोडणारी एक गिगाबिटची फायबर निम्मीही भरलेली नव्हती. असा आलेख पुढे करून ‘लाइन मोकळी आहे’ असं सांगून मोकळं होता येतं, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच होतं. पण तो आलेख पाच-पाच मिनिटांची सरासरी दाखवतो, आणि आवाज तुटतो मिलिसेकंदांत.

म्हणून मी जुन्या इमारतीकडे जाणाऱ्या पोर्टाचे काउंटर वाचले. आउटपुट ड्रॉप्सचा आकडा दर वेळी वाढलेला. वेळा जुळवत गेलो आणि सीटी स्कॅनपर्यंत पोचलो. सीटीची एक प्रतिमा ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची, दर ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. एका तपासणीत अशा हजारभर प्रतिमा असू शकतात. वॉर्डातल्या डॉक्टरांनी तपासणी उघडली की हा गठ्ठा सर्व्हरकडून दहा गिगाबिटच्या वेगाने मुख्य स्विचवर येऊन धडकतो आणि पुढे त्याला एक गिगाबिटच्या पोर्टातून निघायचं असतं. पोर्टापाशी थांबायला एक एमबी बफर आहे असं धरलं, तरी अशा माऱ्यात तो एका मिलिसेकंदाच्या आत भरतो. मग पुढचं पॅकेट कुणाचं आहे हे न बघता स्विच ते टाकून देतो. एकाच बाजूला आवाज का तुटतो, याचा उलगडा तिथे झाला.

आवाजाचं ओझं किती, तेही मांडून पाहिलं. आमचे फोन जी.७११ वापरतात. एका पॅकेटमध्ये २० मिलिसेकंदांचं बोलणं, सेकंदाला ५० पॅकेट. बोलण्याचे १६० बाइट आणि वरच्या हेडरांचे ४० धरले तर एका कॉलला एका दिशेने ८० किलोबिट लागतात. शंभर कॉल एकदम चालू असले तरी आठ मेगाबिट, म्हणजे फायबरचा एक टक्कासुद्धा नाही. एवढं पुढे काढल्याने कुणाचंच अडत नाही. स्कॅनचं हरवलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा मागवून घेतं. बोलण्यातला गळलेला तुकडा नंतर येऊन काय उपयोग?

तरीही कुणी आधी जायचं हे मी एकट्याने ठरवणं मला योग्य वाटलं नाही. विभागप्रमुखांना एकत्र बसवलं. प्रत्येकाला आपलं काम तातडीचं वाटत होतं, आणि ते स्वाभाविकच होतं. आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “सर, स्कॅन दोन सेकंद उशिरा उघडला तर चालेल. पण डॉक्टर फिफ्टीन म्हणाले की फिफ्टी, हे मला दोन-दोनदा विचारावं लागतं.” त्यानंतर रेडिओलॉजीवाल्यांनीच आवाजाला पहिला मान दिला. दुसऱ्या नंबरवर रुग्णांच्या मॉनिटरचा डेटा, मग स्कॅन आणि रोजचं काम, सगळ्यात मागे बॅकअप.

हा क्रम स्विचला कळावा म्हणून पॅकेटवर कोणता शिक्का मारायचा, याची रीत १९९८च्या आरएफसी २४७४ने घालून दिली आहे: सहा बिट, ६४ आकडे. आवाजासाठी ४६ वापरतात, द्विमानात १०१११०. खरा प्रश्न असतो तो कुणाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा हा. आमच्या जातीच्या जुन्या स्विचवर क्यूओएस, म्हणजे प्राधान्य देण्याची सोय, नुसतं चालू केलं, की कुठल्याच पोर्टावर विश्वास उरत नाही आणि फोनने मारलेला ४६सुद्धा शून्य होतो. म्हणून आधी स्विचला फोनच्या पोर्टांवर विश्वास ठेवायला आणि फोनच्या मागे जोडलेल्या पीसीचा शिक्का पुसायला सांगितलं. मगच क्यूओएस चालू केलं.

सगळ्या पोर्टांवर सरसकट विश्वास ठेवला असता तर काय झालं असतं, ते लवकरच दिसलं. कॅमेऱ्यांच्या पोर्टाचं मिररिंग करून पॅकेट उघडली, तर एका गटातल्या कॅमेऱ्यांचं प्रत्येक पॅकेट १०१११०. चोवीस तासांचा व्हिडिओ आवाजाच्या रांगेत घुसला असता. ते शिक्के पोर्टावरच बदलले. शिवाय आवाजाच्या रांगेलाही मर्यादा घातली, कारण ज्या रांगेला कायम पहिली संधी मिळते ती वाढली तर मागच्या सगळ्यांची उपासमार होते.

आता ड्रॉप्स होतात ते मुख्यतः बॅकअपच्या रांगेत, आवाजाच्या रांगेचा आकडा शून्यावर आहे. स्कॅन उघडायला वेळ लागतो अशी एकही तक्रार रेडिओलॉजीतून आलेली नाही. एकूण फायबर होती तेवढीच आहे.

राहिलंय ते वायफाय. वॉर्डातले बिनतारी फोन ४६ पाठवतात, पण आमचे अ‍ॅक्सेस पॉइंट त्यातले पहिले तीनच बिट बघतात. १०१ म्हणजे पाच, आणि वायफायच्या हिशोबात पाच म्हणजे व्हिडिओ. आवाजाला सहा लागतो. २०१८च्या आरएफसी ८३२५मध्ये यावरचा बरोबर तक्ता दिला आहे. तो आता एकेका मजल्यावर लावायला घेतलाय, सुरुवात प्रसूती विभागापासून.