दोन घरचा पाहुणा

मनुष्य एखादी महाग वस्तू घेण्याचा विचार करू लागला, की तो प्रथम एक कोरा कागद घेतो. कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढतो. डावीकडे ‘फायदे’ असे लिहितो, उजवीकडे ‘तोटे’ असे लिहितो, आणि न्यायाधीशाचा आव आणून विचार करायला बसतो. यातली गंमत अशी, की निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. खटला मागाहून चालतो.

हे शहाणपण मला अगदी अलीकडे आले. त्याआधी वर्षभर असा एक कागद मी माझ्या चित्रकलेच्या वहीत जपून ठेवला होता. विषय होता मोटारसायकल.

साधी मोटारसायकल नव्हे. डांबरी रस्त्यावर चालावी आणि डांबर संपले तरी न थांबता पुढे जावी, अशी. तिला ‘ड्युअल स्पोर्ट’ म्हणतात. उंच, सडपातळ, पुढचे चाक भले मोठे आणि मडगार्ड चाकापासून वर उचललेले, चोचीसारखे पुढे आलेले. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला ओढ्याच्या काठी एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याची आठवण झाली. माझे वय पंचेचाळीस. या वयात मोटारसायकलचे वेड लागणे म्हणजे थोरपणी कांजिण्या येण्यासारखे आहे. लहानपणी आल्या तर चार दिवसांत बऱ्या होतात. उशिरा आल्या की माणसाला आडवे करतात.

पण माझ्या वेडाला एक सबळ कारण होते, किंवा निदान मला तसे वाटत होते. मी राहतो भोरला. माझी शाळा तिथून २४ किलोमीटरवर, हिरडस मावळातल्या एका खेड्यात. त्यांपैकी १८ किलोमीटर डांबरी रस्ता आहे. उरलेल्या ६ किलोमीटरांना रस्ता म्हणायचे ते केवळ लोक त्यावरून जातात म्हणून. उन्हाळ्यात मुरूम आणि दगड, पावसाळ्यात चिखल आणि दगड. दगड बारमाही! माझी स्कूटर बारा वर्षांची म्हातारी. तिच्या चाकाची रिम दहा इंचांची आणि वाटेतला खड्डा बारा इंचांचा. या व्यवहारात कोण कोणाला गिळणार, हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही, चित्रकलेचा पुरतो.

तेव्हा कागदाची डावी बाजू भराभर भरली. या गाडीचे पुढचे चाक २१ इंचांचे असते. जो दगड लहान चाकाला अडवतो, त्याच्यावरून मोठे चाक सहज चढून जाते. आमच्या बैलगाडीवाल्यांना हे केव्हाच कळले होते. बैलगाडीचे चाक काही शोभेसाठी मोठे नसते. चाक तारांचे असते, म्हणजे दणका बसला तर तडा न जाता थोडे लवते. भोवताली पाहिलेल्या माणसांतही मी हेच पाहिले आहे. जी थोडी लवतात ती टिकतात. एक्सपल्स २०० नावाच्या गाडीच्या पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा असते. आपल्या मापात सांगायचे तर जवळजवळ एक वीत. पुढचा शॉकअब्सॉर्बर १९० मिलिमीटर दबतो, त्यामुळे खड्डा चाकाला कळतो, पण पाठीच्या मणक्याला कळत नाही.

उजवी बाजूही मी प्रामाणिकपणे भरली. अशा गाडीला चिखलासाठी मोठ्या दात्यांचे टायर घातले, तर ते ओल्या डांबरावर नीट पकड घेत नाहीत. आतली हवा ट्यूबमध्ये असते, म्हणजे रानात बाभळीचा काटा रुतला की चाक खोलणे आले. घाटमाथ्यावर ही गाडी हरणासारखी असली, तरी पुण्याच्या हमरस्त्यावर शेजारून ट्रक जाऊ लागला की उंच अंगाला वारा लागतो आणि दोनशे सी.सी.चे इंजिन धापा टाकू लागते. बसायची जागा सव्वाआठशे मिलिमीटर उंच, म्हणजे साडेबत्तीस इंच. आणि किंमत, विमा-नोंदणीसकट पावणेदोन लाखांच्या आसपास. माझ्या दोन्ही कादंबऱ्यांचे आजवरचे मानधन एकत्र केले, तर त्यात पुढचे चाक येईल; मागच्यासाठी तिसरी कादंबरी लिहावी लागेल.

हा कागद मी एकदा मधल्या सुट्टीत आमच्या गणिताच्या मास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला आणि एकाच वाक्यात निकाल दिला : “सर, दोन घरचा पाहुणा उपाशी!”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. डांबरावर धावायला हिच्याहून चांगल्या गाड्या आहेत, आणि निव्वळ रानात उड्या मारायलाही हिच्याहून हलक्या गाड्या आहेत. ही दोन्हीकडे जाते आणि दोन्हीकडे दुसरी येते. पण ती म्हण मला गाडीपेक्षा स्वतःलाच अधिक झोंबली. मी चित्रकलेचा मास्तर आणि कादंबरीकार. शाळेत काही विसरलो की म्हणतात, “जाऊ द्या, ते लेखक आहेत.” साहित्यिकांच्या बैठकीला गेलो की तिथे म्हणतात, “या मास्तर, बसा तिकडे.” त्यातून शिक्षण मॅट्रिकचे. एखाद्या परिसंवादात मोठमोठ्या पदव्यांची नावे वाचून झाली की माझ्या नावाशी येऊन निवेदक जरासा थांबतो. कागद उलटा धरला आहे की काय, असे त्याला वाटत असावे.

मग मी खरेच उपाशी राहिलो का? तसे म्हणवत नाही. शाळेने मला माणसे दिली आणि लेखनाने ती माणसे पाहायला शिकवली. दोन्ही घरी पोटभर जेवलो नसेन. पण दोन्ही घरांच्या मधल्या वाटेवर मला जे सापडले, ते कोणत्याच एका घरात बसून सापडले नसते. आणि या गाड्यांची कुळकथा पाहिली तरी तेच दिसते. १९६८ साली यामाहाने डीटी-१ नावाची अडीचशे सी.सी.ची गाडी काढली, ती अशा मधल्या वाटेच्या लोकांसाठीच. आणि ती अमेरिकेत हातोहात खपली. आपल्याकडे हीरोची इम्पल्स २०११ साली आली आणि काही वर्षांनी बंद झाली. २०१६ साली रॉयल एन्फील्डची हिमालयन आली, २०१९ साली एक्सपल्स आली, आणि हा पाहुणा या देशात राहू लागला.

खरे म्हणजे आमच्या मावळात तो त्याआधीच आला होता, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हते. माझ्या लहानपणी एक दूधवाले काका राजदूतवर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून वाड्यावस्त्यांवर जात. आमच्या घरापाशी गावचा रस्ता संपे. त्यापुढे नुसती पायवाट डोंगराकडे चढे. काका तिथे क्षणभर थांबत, गिअर टाकत, आणि किटल्या खडखडवत टेकडीपलीकडे दिसेनासे होत. मी दारात उभा राहून आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ऐकत असे.

आता डाव्या बाजूचे सर्वांत मोठे कारण सांगतो. त्याच्यापुढे इतर कारणे किरकोळ आहेत.

२०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मुलांची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा होती. केंद्र तालुक्याच्या गावी. या परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात ७ गुण वाढतात. शहरातल्या मुलांना ते ७ गुण म्हणजे साखरेवरचे केशर. आमच्या मुलांना कधीकधी तेच पीठ असते. दहावीतली एक मुलगी धनगरवाड्यावरून येई. तिचा हात असा, की तिने काढलेला तांब्या पाहून तहान लागावी. त्या सकाळी ती एसटीच्या थांब्यावर आलीच नाही. फोन लागेना. मुलांना सहशिक्षकाबरोबर पुढे पाठवून मी स्कूटर वाड्याकडे वळवली. रात्रभर पाऊस झाला होता. वाटेतल्या ओढ्यात स्कूटर जी रुतली ती रुतलीच. मी चपला हातात घेऊन धावत वर गेलो. आईला ताप भरला म्हणून पोर गुरांच्या कामात अडकली होती. मला पाहताच ती पेन्सिलींची पिशवी घेऊन निघाली. पण आम्ही तालुक्याला पोचलो तेव्हा स्थिरचित्राचा पेपर सुटत होता. एक विषय बुडाला आणि त्याबरोबर श्रेणीही बुडाली. ती काही बोलली नाही. पिशवीतल्या टोक केलेल्या पेन्सिली तिने एकेक करून उलट्या ठेवल्या, टोके मोडू नयेत म्हणून.

त्या रात्री मी कागदावर पहिली रेघ ओढली. डावीकडे पहिले कारण लिहिले : ‘ओढा.’

हा कागद सौ.च्या हाती लागेल, अशी मी अर्थातच व्यवस्था केली होती. प्रत्यक्ष विचारण्याचे धैर्य नसले, की नवरे वही उघडी ठेवून अंघोळीला जातात. ती तिने वाचली आणि चहा देताना म्हणाली,

“ती पोर आदल्या दिवशी आपल्याकडे मुक्कामाला आली असती, तर तुमची कोणतीच गाडी लागली नसती.”

चहा गरम होता, म्हणून मी बोललो नाही असे तिला वाटले असेल. पण मला बोलायला जागाच नव्हती. वर्षभर मी एका यंत्राची उंची, वजन आणि चाके मोजत होतो. आणि एका मुलीला एक रात्र आमच्या घरी झोपायला बोलवायचे मला सुचले नव्हते. माझ्या विसराळूपणाचे पाप मी बिचाऱ्या स्कूटरच्या माथी मारले होते.

यंदाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी घरच्यांची परवानगी घेऊन मी पाच मुलींना एसटीने भोरला आणले. सौ.ने पिठले-भाकरी केली. रात्री ओट्यावर बसून मुलींनी पेन्सिलींना टोके केली. सकाळी दार उघडले तर ओटाभर लाकडाच्या कुरळ्या साली पडल्या होत्या. पाचही जणी पहिली घंटा होण्याआधी जागेवर होत्या. गेल्या वर्षीची मुलगी आता अकरावीत आहे. “सात मार्कांवाचून काही अडलं नाही, सर,” असे ती म्हणते. तिचे अडले नसेल. माझे अडले आहे.

मुली गेल्यावर मी वही काढली आणि ‘ओढा’ या शब्दावर काट मारली. मग प्रामाणिकपणाचा झटकाच आला. शाळेला वेळेवर पोचणे? अर्धा तास आधी निघालो तर शेवटचे ६ किलोमीटर पायीसुद्धा होतात. काट. पाठीचे दुखणे? स्कूटरचे शॉकअब्सॉर्बर बदलले तर थांबेल. काट. डावी बाजू सगळी खोडून झाली. उजवी बाजू भरगच्च उरली. आणि मी पाहतो तो काय, माझी इच्छा तसूभरही कमी झालेली नव्हती!

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. “कारण एकही उरलं नाही,” मी म्हणालो, “पण गाडी घ्यावीशी वाटते. आमच्या दारापुढची ती टेकडी दूधवाले काका रोज ओलांडायचे. मला अजून तिच्यापलीकडे जायचं आहे.”

सौ. हसली. “मग तसं म्हणा की! वर्षभर त्या पोरीच्या नावावर कशाला मागत होता?” आणि थोड्या वेळाने म्हणाली, “पण मी मागं बसणार. टेकडीपलीकडे एकट्यानं जायचं नाही.”

वाचकहो, माझ्या त्या लांबलचक कागदावर डावीकडे काय अन् उजवीकडे काय, एकदाही ‘मागची सीट’ हा शब्द आला नव्हता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ती बातमी वाचून आम्ही दोघे दुकानात गेलो. मी टाच टेकते की नाही ते पाहिले, चवडे टेकले. सौ.ने पदर खोचला, एक पाय फूटरेस्टवर ठेवला, खांद्याला धरून वर चढायचा प्रयत्न केला आणि हसत खाली उतरली. दुसऱ्यांदा केला, पुन्हा उतरली. तिसऱ्या वेळी ती हसली नाही. दुकानातला पोरगा भला होता. म्हणाला, “काकू, गाडी थोडी खाली करून देता येईल. पण मग खालची मोकळी जागा तेवढी कमी होणार.” म्हणजे बसणाऱ्याला दिले की दगडाला द्यावे लागते. आम्ही परत आलो. वाटेत कोणी बोलले नाही. स्कूटरची सीट तीस इंच उंच आहे. त्या अडीच इंचांत एवढे अंतर असते हे मला ठाऊक नव्हते.

घरी पोचल्यावर कुलूप काढायच्या आधी सौ. ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली पाहिले, हाताने हवेतच काही माप घेतले.

“गाडी इथं आडवी लावा. पंजाबी ड्रेस घातला तर मी ओट्यावरून सरळ बसेन.”

“अगं, इथं बसशील,” मी म्हणालो, “पण परत येताना? टेकडीपलीकडे रानात ओटा कुठून आणायचा?”

ती माझ्याकडे, मी अगदीच ढ विद्यार्थी असल्यासारखी पाहत राहिली.

“मावळात राहता आणि असं विचारता? दगडांना काय तोटा आहे तिकडं!”

मी वही उघडली. उजव्या बाजूला, सर्वांत खाली, हा शेवटचा ‘तोटा’ लिहून घेतला. पाडव्याला गाडी दारात येईल. ओट्याला लागून, आडवी.