बातम्यांत राहू नकोस

नागपूर,
मार्गशीर्ष, 2025

चि. बबलीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, इथे मन लागत नाही, आणि तिथे परत यायची भीती वाटते." आईला सांगू नकोस म्हणालीस, म्हणून सांगितलं नाही. पण तुझं ते बोलणं मनातून जात नाही. फोनवर उत्तर दिलं असतं तर दर वाक्याला तुझं "पण मावशी" आलं असतं. म्हणून कागद घेऊन बसले.

तुझी नोकरी बरी चालली आहे, जावईबापूंशी पटतं, दोघांच्याही तब्येती ठीक आहेत. तरी तुझा आवाज उतरलेला असतो. मला त्याचं कारण असं दिसतं की तू ना अमेरिकेतल्या एडिसनमध्ये राहतेस, ना नागपुरात. तू दोन्हीकडच्या बातम्यांत राहतेस. डोळे उघडले की नागपूरच्या, दिवा मालवला की वॉशिंग्टनच्या. ज्या टेबलावर बातम्या तयार होतात तिथे माझी सारी नोकरी झाली, म्हणून हक्काने सांगते, राहण्यासाठी ती जागा नव्हे.

मे 2024 आठवतो? महिन्याच्या अखेरीस नागपुरात 56 अंश झाल्याची बातमी जगभर फिरली आणि तुझा फोन आला तेव्हा तू रडत होतीस. आईबाबांना घराबाहेर पडू देऊ नकोस, ॲम्ब्युलन्सचा नंबर जवळ ठेव, असं सांगत होतीस. नागपूर परिसरात हवामान खात्याची चार स्वयंचलित केंद्रं होती. रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावरचं 56 दाखवत होतं, सोनेगावचं 54. उरलेली दोन 44 अंशांच्या आसपास होती. सेन्सर बिघडल्याचा खुलासा लगेच झाला, पण तो तुझ्यापर्यंत पोचायला मीच लागले. 44 अंश काही थोडे नव्हेत. कामगारांना, पोलिसांना, फेरीवाल्यांना तो उन्हाळा सोसावाच लागतो. पण 44 शी कसं वागायचं ते या गावाला ठाऊक आहे. कूलरला नवी वाळ्याची ताटी लावायची, बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत उरकायची, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा. तुझे बाबा त्या दिवशी पन्हं पिऊन दुपारभर झोपले होते. जागी होतीस तू, साता समुद्रांपलीकडे.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी होते तेव्हा रात्रपाळीला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून वार्ताहरांचे फोन यायचे. अपघात, दरोडा, वाघाचा हल्ला, नाल्याला पूर. गावातली विहीर यंदा भरली, शाळेला चांगल्या बाई मिळाल्या, हे सांगायला रात्री अकरा वाजता कोणी फोन करत नसे, आणि केला असता तरी आम्ही ते पहिल्या पानावर घेतलं नसतं. त्यात लबाडी नव्हती. कुठे काय बिघडलं ते सांगणं हे वर्तमानपत्राचं कामच आहे, आणि ते काम केल्याचा मला आजही अभिमान आहे. पण आमचा वाचक त्याच गावात राहायचा, बबली. भीषण अपघाताची बातमी वाचून तो हळहळायचा, पेपरची घडी करून ठेवायचा, पायांत चपला घालून निघायचा आणि उरलेलं गाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. कोपऱ्यावरचा पोहेवाला तर्री वाढतोय, शाळेची रिक्षा पोरांनी भरून चालली आहे, शेजारची सून माहेरहून परत आली आहे. आम्ही दिलेलं चित्र अर्धं असायचं, बाकीचं तो भरायचा. तुझ्यापर्यंत आमचं अर्धंच पोचतं. बाकीचं भरायला तुझ्या दाराबाहेर नागपूर नाही.

आणि हल्ली ते अर्धंही जास्त काळं होऊन येतं. बातमी किती जणांनी उघडली हे आता मिनिटामिनिटाला मोजलं जातं. एका अमेरिकी संकेतस्थळाच्या लाखभर मथळ्यांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की तो उघडणाऱ्यांचं प्रमाण 2.3 टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. आमच्या काळी मथळा भडक झाला तर संपादक बोलावून विचारायचे. आता असं विचारणारं फार कमी राहिलं आहे.

या मार्चमधली गोष्ट काढते, कारण ती मला जास्त लागली. 17 तारखेच्या संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात दंगल झाली. गाड्या जळाल्या, घरांवर दगड पडले, जखमींपैकी एक जण दगावला, आणि पुढचे पाच-सहा दिवस काही भागांत संचारबंदी होती. ते सारं खरं होतं आणि लाजिरवाणं होतं. तू तो आठवडाभर एकामागून एक व्हिडिओ पाहत होतीस. त्यांतले काही तर दुसऱ्याच गावचे, जुने होते. तुझी शाळेपासूनची मैत्रीण चिटणीस पार्कजवळ राहते. तिला फोन केलास का, असं मी विचारलं तेव्हा तू गप्प झालीस. मी केला होता. तिच्या गल्लीत दूध आलं नव्हतं, सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या, आणि समोरच्या मुसलमान शेजाऱ्यांच्या मुलाने मागच्या बोळातून जाऊन त्या आणून दिल्या. तिला तुझा आवाज ऐकायचा होता. तुझी सगळी माया स्क्रीनवर खर्च झाली, तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. तुला बोल लावायला हे लिहीत नाही. तुझं मन किती मऊ आहे ते मी तुझ्या लहानपणापासून पाहते. म्हणूनच ते असं वाया गेलेलं मला बघवत नाही.

तू शास्त्र शिकलेली, तुला आणखी एका अभ्यासाचा दाखला देते. 2013 मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा तास किंवा जास्त त्याच्याच बातम्या पाहत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. डोळ्यांदेखत घडलेलं कधीतरी थांबतं, पडद्यावरचं पुन्हा पुन्हा घडत राहतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

बातम्या सोड असं मात्र मी म्हणणार नाही. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट विसरू कशी? काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीच्या घरांत शिरलं. आम्ही झोपेत होतो. तुझ्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. तू ते पाहिलंस, बाबांना उठवलंस, आणि त्यांनी तळमजल्यावरच्या आजींना वर आणलं. त्या बातमीने तुला फोन उचलायला लावला, फोनने बाबांना जिना उतरायला लावलं. अशी बातमी हवीच. बातमी वाचून तुझ्या हातून काही होणार आहे का, निदान कुणाला तरी एक फोन होणार आहे का, एवढंच स्वतःला विचारत जा. होणार नसेल तर ती उद्या वाचलीस तरी चालतं. शिळी बातमी पुष्कळदा जास्त खरी असते.

यंदा घटस्थापनेच्या तोंडावर हेच झालं. शुक्रवारी, 19 सप्टेंबरला, एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. एकवीस तारीख लागण्याआधी परत या, असे निरोप काही कंपन्यांनी सुट्टीवर गेलेल्यांना धाडले. विमानात बसलेली माणसं उतरली. तुम्ही दोघांनी दिवाळीची तिकिटं रद्द केलीत. शनिवारी खुलासा आला की शुल्क नव्या अर्जांना आहे, एकदाच आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांच्या येण्याजाण्याला नाही. डेस्कवर आम्ही पोरांना शिकवायचो, पहिल्या तासाची बातमी कच्ची समजा. आता कच्ची बातमीच थेट तुझ्या उशाशी येते. व्हिसाची टांगती तलवार मन बदलल्याने दूर होत नाही, ते मला कळतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहणं काय असतं ते माझ्यासारखीने तुला सांगू नये. त्यासाठी चांगला वकील हवा, चार पैसे बाजूला हवेत. पण वकिलाने जे महिन्यातून एकदा पाहायचं ते तू तासातासाला पाहतेस, आणि त्याने रांग पुढे सरकत नाही.

तुला तान्हा पोळा आठवतो ना? बाबांच्या खांद्यावर बसून इतवारीत मारबत पाहायला जायचीस. काळी आणि पिवळी, या पुतळ्यांच्या मिरवणुका 1880 च्या दशकापासून निघतात. त्यांच्यामागे बडगे, तेही पुतळेच. कुणी महागाईचा, कुणी लाचखाऊ अधिकाऱ्याचा, कुणी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. परदेशात गेल्यावर मारबत म्हणजे गमतीचा एक फोटो होतो, पण मला तो नागपूरचा मोठा शहाणपणा वाटतो. वर्षभराचा राग, भीती, फसवणूक, रोगराई हे शहर गोळा करतं, त्याला हातपाय-नाकडोळे देतं, गळ्यात पाटी अडकवतं, सगळ्यांच्या देखत "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडतं आणि शेवटी जाळून टाकतं. यात कुणी डोळे मिटलेले नसतात, उलट जे चुकलं त्याचं नाव घेऊन सांगितलेलं असतं. पण त्याला दिवस नेमलेला आहे. त्याच संध्याकाळी लहान पोरं नटूनथटून लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा मागायला येतात आणि तीच मोठी माणसं त्यांच्या हातावर पैसे ठेवतात. तूही तुझ्या बातम्यांना एखादी वेळ नेमून दे. शनिवारी सकाळी तास-दीड तास बस, नीट वाच, संताप कर, पत्र लिहायचं तर लिही, मदत पाठवायची तर पाठव. मग फोन स्वयंपाकघरात ठेवून दे.

आणि मग तुझ्याकडे वेळ उरेल, तो कुठे घालवायचा? तुझ्या एडिसनहून रोझेल काही लांब नाही. 1883 च्या उन्हाळ्यात आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या आणि फिलाडेल्फियाला जाण्याआधी रोझेलमध्ये कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. वय अठरा. घरच्या पत्रांना आठवडेच्या आठवडे लागत, आणि ती आली तरी नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या शब्दांत पुष्कळदा टोचणीच असे. सुख फार होतं असं नाही. थंडी सोसेना, खाणं पुरेना, तब्येत ढासळत गेली. 11 मार्च 1886 ला डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात त्या वारल्या. पण दोन टपालांच्या मधले दिवस त्यांचे स्वतःचे होते. त्या दिवसांत त्यांनी कार्पेंटरबाईंना मावशी केलं, त्यांच्या मुलींना आपलं केलं. ते नातं इतकं पक्कं झालं की त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाने आपल्या दफनभूमीत, पोकिप्सीला ठेवली. तुझ्याकडून गाडीने दोनेक तास. एखाद्या रविवारी जावईबापूंना घेऊन जाऊन ये. जाताना फुलं ने.

तुला मागे विचारलं होतं, समोरच्या दारात कोण राहतं? "एक वयस्क बाई आहेत, नाव माहीत नाही," म्हणालीस. वॉशिंग्टनमधल्या मंत्र्यांनी काल काय काय म्हटलं ते मात्र तुला तोंडपाठ होतं. बबली, परक्या देशात मन लागतं ते नाव माहीत असलेल्या माणसांमुळे. त्या बाईंच्या दारावर टकटक करायला व्हिसा लागत नाही.

आता इथलं, छापून न येणारं. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सीताबर्डीकडे पोलीस आणि बॅरिकेड, तुला टीव्हीवर मोर्चेच दिसतील. मी मात्र मेट्रोने गेले. अंबाझरीच्या काठावरून गाडी जाते तेव्हा डब्यातल्या माना अजूनही तलावाकडे वळतात. समोर हिंगण्याच्या कॉलेजातली दोन पोरं उद्याच्या परीक्षेची घोकंपट्टी करत होती, आणि एकाच्या वहीवर दुसऱ्याने पेन्सिलने त्याचंच चित्र काढलं होतं, मोठे कान दाखवून. अंबिया बहाराची संत्री आली आहेत, साल सैल आहे, गोडी चांगली आहे. तुझ्या आईने रविवारी सांबारवड्या केल्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला मला बसवलं, तीन जुड्या. बाबांनी दोन खाल्ल्या, तिसरी मागितली, आईने डबाच उचलून आत नेला. मग बाबा माझ्याकडे असे पाहत बसले की शेवटी मी आत जाऊन एक घेऊन आले.

असं पत्र मी तुला दर महिन्याला लिहीन. तुझंही यायला पाहिजे, फोनवर टाइप केलेलं नको, हाताने लिहिलेलं. त्यात अमेरिकेच्या बातम्या नकोत. ओक ट्री रोडवर भाजी घेताना कोण भेटलं, ऑफिसात डबा कुणाबरोबर खातेस, खिडकीतून कुठलं झाड दिसतं, आणि समोरच्या बाईंचं नाव काय, हे लिही. त्या एकट्या असतील तर त्यांच्यासाठी सांबारवडी कर, कृती सोबत पाठवते आहे. सांबाराला तिकडे काय म्हणतात ते तुला माहीत आहेच. मिरची बेताने घाल.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी