दरजेतला चुना

विश्रामबागेत दवाखाना थाटल्याला आता तीन तपे होत आली, आणि या अवधीत दातावरच्या ‘कॅप’विषयी जेवढी पृच्छा झाली तिच्यातली बहुतेक रंगाची आणि किमतीची होती, ती ज्या सिमेंटाने बसते त्याची चौकशी, कॅप हातात घेऊन परत येण्याची पाळी येईपर्यंत, सहसा कोणी करीत नाही.

अशाच एक आजी काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात, कुंकवाच्या करंड्यात आपली कॅप घेऊन आल्या. “भाकरीच्या कडेबरोबर निघाली बघा डॉक्टर, गिळली नाही हेच नशीब!” दिव्याखाली पाहिले तो सिमेंट सगळे कॅपच्या पोटात शाबूत आणि दाढ मात्र धुतल्यासारखी स्वच्छ. याहून निराळ्या साक्षीपुराव्याची गरज नव्हती: कॅपशी इमान राखणाऱ्या सिमेंटाला दाढ कोरडी मिळालीच नव्हती. हिरडीतून रक्त झिरपत असताना कापूस बदलण्याचा कंटाळा मी केला होता, तोही ग्लास आयोनोमर वापरताना, ज्याला पहिल्या काही मिनिटांत लाळेचा स्पर्श खपत नाही. कसूर माझी होती.

हे ग्लास आयोनोमर विल्सन आणि केंट या दोघांनी लंडनच्या सरकारी रसायनशाळेत 1969 साली सिद्ध केले. काचेची भुकटी आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल यांच्या संयोगातून होणारे हे द्रव्य दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक नाते जोडते आणि वर थोडे फ्लोराइडही देत राहते. त्यापूर्वीचे झिंक फॉस्फेट असे नाते जोडीत नाही. ते केवळ फटीत भरून घट्ट होते. माझ्या विद्यार्थिदशेत त्याचाच अंमल होता. जाड काचेची पट्टी गार करायची, भुकटीचे लहान लहान वाटे पाडायचे आणि एकेक वाटा द्रावणात, पातळ पोलादी पात्याने, पट्टीभर पसरून घोटायचा, कारण या संयोगात उपजणारी उष्णता पसरून गेली नाही तर सिमेंट हातातच गोठते. पाते उचलल्यावर दोनेक सेंटिमीटर तार निघाली की मिश्रण जमले. वैशाखात पारा चाळिशीला टेकला की हातघाई व्हायची, आणि पावसाळ्यात पट्टी फाजील गार केली की तिच्यावर दंव धरून सगळा घाट फसायचा. आजचे तरुण सहकारी ही कसरत शिकतात ती परीक्षेपुरती. मला तिची खंत नाही, पण हवामानाची अदब तिनेच शिकवली.

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांचे चिरेबंदी जोते ज्याने न्याहाळले असेल त्याला आमच्या शास्त्राचे मर्म निराळे सांगायला नको. चिरा चिऱ्यावर असा घडवून बसवलेला असतो की घाणीत मळलेल्या चुन्याला दरजेत जेमतेम जागा उरते. कॅपखालचा सिमेंटाचा थरही पंचवीस मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असावा, अशी अपेक्षा आहे. दाढ चारेक मिलिमीटर उंच आणि तिच्या भिंती जवळजवळ समांतर घासलेल्या असतील, तर धातूची अथवा झिर्कोनियाची कॅप साध्या ग्लास आयोनोमरनेही वर्षानुवर्षे टिकते. दाढ आखूड असेल, किंवा लिथियम डायसिलिकेटचे पातळ कवच चिकटवायचे असेल, तर मात्र रेझिन सिमेंटाला पर्याय नाही. त्यासाठी कवचाची आतली बाजू आम्लाने खरवडून तिला सायलेनचा हात द्यावा लागतो. तात्पुरती कॅप लवंगतेलाच्या सिमेंटाने बसवलेली असल्यास तिचा अंशही पुसून काढावा लागतो, नाहीतर तेच तेल रेझिनला पुरते कठीण होऊ देत नाही. महागडे रेझिन सरसकट वापरण्याचा जो शिरस्ता हल्ली पडत चालला आहे, तो मला पटत नाही: कडेला उरलेले रेझिन हिरडीखालून काढताना डॉक्टरचा आणि रुग्णाचा दोघांचाही अंत पाहते.

आजींची कॅप मी साफ करून, हिरडी यथास्थित आवरून, त्याच ग्लास आयोनोमरने पुन्हा बसवली; दाढ पुरेशी उंच होती. ती अजून जागेवर आहे.

वाचकांना अर्ज एवढाच, की कॅप निघाली तर ती घरच्या डिंकाने वा झटपट चिकटणाऱ्या द्रव्याने दातावर ठेवू नका; डबीत घालून लवकर आणा आणि आतले सिमेंट खरवडू नका. ते आम्हाला वाचायचे असते.